गरम मस्टँग पुन्हा सुरू होत नाही: ओलं फडकं टाकण्याआधी काय बघायचं

सकाळी थंड इंजिन पहिल्या चावीला सुरू होतं. वीस-पंचवीस मिनिटं गाडी छान पळते. मग दहा-पंधरा मिनिटांसाठी कुठे थांबलं आणि परत येऊन चावी फिरवली, की सेल्फ फिरत राहतो पण इंजिन धरत नाही. पाऊण तासाने तीच गाडी काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. घरी आणून बॉनेट उघडावं तर सगळं ठीक, कारण तोवर इंजिन निवलेलं असतं आणि त्याच्याबरोबर दोषही निवलेला असतो.

जुनी अमेरिकन व्ही-८ गाडी छंद म्हणून हातात घेतलेल्या बहुतेकांना हा त्रास पहिल्या उन्हाळ्यातच भेटतो. माझ्या गाडीला तो दोन उन्हाळे होता. तेवढ्या काळात मी एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, बदलला, ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी कॉइल बदलली, बॅटरी बदलली, आणि त्रास जिथल्या तिथे राहिला. शेवटी दोष सापडला तेव्हा कळलं की काढून ठेवलेल्या तिन्ही वस्तू धडधाकट होत्या. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

माझी गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग. दोन दारांची हार्डटॉप, २८९ घनइंचांचं म्हणजे सुमारे ४.७ लिटरचं इंजिन, दोन बॅरलचा ऑटोलाइट २१०० कार्बोरेटर, ऑटोमॅटिक गिअर. काटेकोर बोलणारे लोक हिला मसल कार म्हणत नाहीत. ते १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मोजतात, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं दांडगं इंजिन बसवलं तिथपासून, आणि मस्टँगला पोनी कार म्हणतात. असू दे. छंदाची सुरुवात करायला मला तरी हीच गाडी योग्य वाटते. तिचे सुटे भाग आजही नवे बनतात आणि २८९ आटोपशीर इंजिन असल्यामुळे बॉनेटखाली हात जायला जागा राहते.

ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डाच्या पत्र्यावर तिचा क्रमांक ठोकलेला आहे. तो ६टी०७सी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन बॅरलचं २८९. तिथे सीच्या जागी टी दिसला तर गाडी मुळात सहा सिलिंडरची होती आणि व्ही-८ नंतर कुणीतरी बसवलंय, हे विकत घेतानाच कळतं. माझ्या क्रमांकातला दुसऱ्या जागेवरचा टी मात्र कारखान्याचा आहे: मेटचन. नाव मेटचनचं, पण कारखाना होता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, रूट १ वर. १९४८ साली तो सुरू झाला, २००४ साली बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत. मी एडिसनमध्येच राहते. तो टी वाचला आणि त्यानंतर दुसरी गाडी बघायला मी गेलेच नाही.

फडक्याने काय होतं आणि काय होत नाही

गाडी पहिल्यांदा अडली ती ओक ट्री रोडवर. भाजीच्या पिशव्या डिकीत ठेवल्या, चावी फिरवली, नुसता सेल्फ. साताऱ्याला बाबांना फोन लावला. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "एसी पंपावर ओलं फडकं ठेव."

आमच्याकडे फियाट होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना ती दम टाकायची. बाबा गाडी कडेला घ्यायचे, मी आणि दादा चाकामागे दगड लावायचो, पंपावर पाण्यात भिजवलेलं फडकं पडायचं आणि दहा मिनिटांत गाडी निघायची. तो इलाज खरा होता. एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली गरम पेट्रोलाची लवकर वाफ होते. पंप पेट्रोल ढकलू शकतो, वाफ ढकलू शकत नाही. फडक्याने पंप निवला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

मी मस्टँगच्या पंपावर फडकं ठेवलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, आणि पंपच गेलाय अशी माझी खात्री पटली. फडकं न ठेवता नुसती वीस मिनिटं थांबले असते तरी ती सुरू झाली असती का, हे तपासायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. तिथून पुढचे सगळे चुकीचे खर्च निघाले.

म्हणून पहिला प्रश्न हा: गाडी चालता चालता, चढावर किंवा सिग्नलच्या रांगेत, आचके देत बंद पडते का? की चालताना काहीच तक्रार नसते आणि बंद केल्यानंतरच पुन्हा सुरू होत नाही? पहिल्या प्रकारात पंपाकडे आणि पेट्रोलच्या नळीकडे जा, फडकंही कामाचं आहे. दुसऱ्या प्रकारात फडक्याचा काही उपयोग नाही, आणि पुढचं सगळं त्याच प्रकाराबद्दल आहे.

दोष हजर असतानाच तपासायचा

हा दोष दिवसातून वीस मिनिटं हजर असतो. त्या वीस मिनिटांत हातात हत्यारं नसतील तर घरी आल्यावर अंदाजाशिवाय काही उरत नाही. माझ्या डिकीत आता एक पिशवी कायम असते: मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, स्पार्क टेस्टर, उजेडाची बॅटरी (टॉर्च), जाड हातमोजे, आणि इंची पाने. भारतातून आणलेले दहा-अकरा आणि बारा-तेराचे पाने इथे चालत नाहीत. या गाडीचे नटबोल्ट ७/१६, १/२, ९/१६ असे इंचातले आहेत, आणि जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना नटाचे कोपरे खाऊन टाकतो. शिवाय पेट्रोलच्या आगीवर चालणारं, बी वर्गाचं अग्निशामक नळकांडं. त्याशिवाय जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला हात लावू नका.

दोष घरच्या दारातही आणता येतो. गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही, कारण सायलेन्सरमधला कार्बन मोनॉक्साइड कळायच्या आत घात करतो. बॉनेट लावून इंजिन पंचवीस मिनिटं चालू ठेवा, बंद करा, पंधरा मिनिटं थांबा, मग चावी फिरवा. मी शनिवारी सकाळी हे ओळीने तीनदा केलं. तिन्ही वेळा गाडी अडली. दोष आपण म्हणू तेव्हा येतो हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं.

रस्त्यावर नेऊन गरम करणार असाल तर आधी ब्रेक बघा. १९६६ पर्यंतच्या मस्टँगला ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच खण आहे. एका चाकाची नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन खणांचा सिलिंडर १९६७ पासून आला. माझ्या गाडीत मी तो बसवून घेतला, आणि रंग, रेडिओ, खुर्च्या यांच्या आधी हे काम करावं असं मी कुणालाही सांगेन.

सेल्फचा आवाज ऐका

गरम असताना सेल्फ थंड असतानाइतकाच झपझप फिरतो का? की ओढत, कण्हत फिरतो? फरक असेल तर मोबाइलवर दोन्ही आवाज रेकॉर्ड करा. माझा कान मला सांगत होता की दोन्ही सारखेच आहेत. रेकॉर्डिंग ऐकल्यावर गरम असतानाचा आवाज स्पष्ट मंद निघाला.

मंद फिरण्याची कारणं बरीच. तांब्याचा विरोध उष्णतेने वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. सेल्फ सायलेन्सरच्या पाइपाशेजारी बसून ८० अंशांनी तापला तर त्याच्या गुंडाळ्यांचा विरोध जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढतो. निरोगी गाडी हे सोसते. पण वायरिंगमध्ये आधीच गळती असेल, म्हणजे सांध्यांत व्होल्ट वाया जात असतील, तर एवढंच जास्तीचं ओझं पुरतं. म्हणून बॅटरी बदलण्याआधी गळती मोजा. कॉइलची डेल्कोकडे जाणारी बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. एकेका प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला मी सवयीने डेल्को म्हणते, आपल्याकडचे मेस्त्री तेच म्हणत. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष खुंटीवर. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. कुणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, अर्ध्या व्होल्टच्या आत. आणि सेल्फ फिरताना बॅटरीचे स्वतःचे व्होल्ट ९.६ च्या खाली जाऊ नयेत.

माझ्या गाडीत अर्थच्या बाजूला ०.९ व्होल्ट निघाले. आधीच्या मालकाने इंजिन काढून सुंदर निळं रंगवलं होतं आणि अर्थची केबल त्या रंगावरच बोल्टने कसली होती. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. ०.९ व्होल्टची गळती म्हणजे सुमारे दीडशे वॉट त्या एका सांध्यातच उष्णता होऊन जात होते. शिवाय इंजिनाच्या मागून फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याकडे, जाणारी विणलेली अर्थपट्टी गायबच होती. नव्याने रंगवलेल्या, चकचकीत गाड्यांमध्ये हा दोष जास्त दिसतो, कारण रंग करंट नेत नाही. सांधा पॉलिश पेपरने उघड्या लोखंडापर्यंत घासला, नवी जाड केबल घातली, पट्टी बसवली. केबल घेताना गेज बघा: आकडा जितका लहान तितकी तार जाड. ६ गेजची स्वस्त केबल व्ही-८ ला पुरत नाही, २ किंवा त्याहून जाड घ्या. आकडा ०.१५ वर आला. गरम इंजिनावरही सेल्फ झपझप फिरू लागला.

पण गाडी तरीही सुरू होईना.

इथेच बहुतेक लोक वैतागून दोन-चार पार्ट एकदम बदलतात. एक दोष सापडला आणि तो खराही होता, तरी त्रास गेला नाही, म्हणजे सापडलेलं चुकीचं होतं असं वाटू लागतं. साठ वर्षांच्या गाडीत एकाच लक्षणामागे दोन-तीन कारणं एकत्र नांदतात. एकेक काढत जावं लागतं.

सेल्फ जड फिरतो आणि मध्येच उलटा झटका देतो असं होत असेल तर टायमिंग फार पुढे आहे का, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते का, ते बघा. या इंजिनाला कारखान्याने दिलेला आकडा टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या, आधी ६ अंश असा आहे, आयडलवर आणि व्हॅक्यूमची नळी काढून बंद केलेली असताना. पण इंजिनाच्या पुढच्या टोकाला फिरणाऱ्या बॅलन्सर नावाच्या चाकावरच्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नका. त्याची बाहेरची कडी आतल्या गाभ्याला रबराने चिकटवलेली असते. रबर म्हातारं झालं की कडी सरकते, खूण तिच्याबरोबर सरकते, आणि ६ अंश समजून लावलेलं टायमिंग प्रत्यक्षात १४ असू शकतं. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून, हाताने दोन्ही दिशांनी फिरवून खरं टॉप डेड सेंटर काढता येतं. त्याला अर्धा तास लागतो.

करंट

"अगं, करंट बघितलास का आधी?" बाबांनी पुढच्या फोनवर विचारलं. करंट म्हणजे प्लगला पोचणारी ठिणगी. बघितला नव्हता.

एक सावधगिरी. एअर क्लीनर काढून पेट्रोलचा भपका येत असेल तर उघडी ठिणगी पाडू नका. एअर क्लीनर जागेवर ठेवा आणि कार्बोरेटरपासून लांबच्या प्लगच्या वायरीला स्पार्क टेस्टर लावा. ठिणगी निळसर-पांढरी आणि चटचट आवाज करणारी हवी. पिवळट, बारीक, कधी पडणारी कधी न पडणारी असेल तर दोष इथे आहे.

गरम झाल्यावर दगा देणाऱ्या वस्तू दोन: कंडेन्सर आणि कॉइल. कंडेन्सर थंडपणी नीट असतो आणि तापल्यावर आतून गळू लागतो. पॉइंट, म्हणजे डेल्कोतले उघडझाप करणारे संपर्क, काळे पडलेले, खड्डे पडलेले दिसले तर त्याच्यावर संशय घ्या. पॉइंटचं अंतर ०.०१७ इंच, ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) २६ ते ३१ अंश, प्लगचं अंतर ०.०३४ इंच. हे तीन आकडे मी बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवले आहेत. नवीन कंडेन्सर म्हणजे चांगला कंडेन्सर असं धरून चालू नका. काम करणारा जुना काढला असेल तर तो जपून ठेवा. कॉइलचा विरोध थंड आणि गरम असा दोन्ही वेळा मोजा. आतल्या प्रायमरी गुंडाळीचा सुमारे दीड ओम असतो. गरम असताना आकडा भलताच वाढला किंवा मीटर काहीच दाखवेना, तर तार आतून तुटते आहे.

त्या काळच्या फोर्डमध्ये चावीच्या स्विचपासून कॉइलकडे जाणारी एक गुलाबी वायर आहे. ती साधी वायर नाही, तिच्यातच विरोध आहे. त्यामुळे चालू इंजिनात कॉइलला बारापेक्षा कमी व्होल्ट मिळतात आणि पॉइंट जळत नाहीत. सेल्फ फिरताना मात्र मडगार्डावरच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचच्या, आय खुणेच्या टोकाकडून कॉइलला बॅटरीचे पूर्ण व्होल्ट जातात. यातून एक सोपी ओळख मिळते. चावी धरलेली असताना इंजिन पेटतं आणि चावी सोडल्याक्षणी बंद पडतं, असं असेल तर गुलाबी वायर किंवा स्विच गेलाय. कुणी ती साधी तार समजून बदलली असेल तर पॉइंट आणि कॉइल पुन्हा पुन्हा जळतील. आणि पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं असेल तर त्याला किती व्होल्ट हवेत ते त्याच्या कागदावर वाचा. बऱ्याच मॉड्यूलना पूर्ण १२ लागतात आणि गुलाबी वायरीतून ते मिळत नाहीत.

शेव्हर्लेवाल्यांचं वेगळं: त्यांचा सोलेनॉइड सेल्फवरच, सायलेन्सरच्या शेजारी बसतो. गरम झाल्यावर चावी फिरवली की फक्त टक् होतं, म्हणून कित्येक जण फोर्डच्या पद्धतीचा सोलेनॉइड लांब मडगार्डावर नेऊन बसवतात. आणि डॉज-प्लिमथवाल्यांनी फायरवॉलवरचा चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर एक जास्तीचा डिकीत ठेवावा.

माझ्या गाडीत ठिणगी सणसणीत होती. तीनदा बघितली, तिन्ही वेळा.

पेट्रोल: कमी की जास्त?

अर्थ नीट, ठिणगी नीट. राहिलं पेट्रोल. इथे मी जन्मभर एकच बाजू ऐकली होती, की पेट्रोल पोचत नाही. माझ्या गाडीत ते नको तितकं पोचत होतं.

इंजिन चालू असताना पंखा हवा खेचतो, पाणी फिरतं, आणि ताजं पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवतं. इंजिन बंद केल्याक्षणी हे सगळं थांबतं, पण ब्लॉकमधली उष्णता कुठे जात नाही. ती वर चढते, आणि वर बरोबर मध्यभागी कार्बोरेटर बसलेला असतो. पेट्रोल हे एक द्रव्य नाही, अनेकांचं मिश्रण आहे, आणि त्यातले हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळायला लागतात. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल चुलीवरच्या दुधासारखं वर येतं आणि नोझलमधून थेंब थेंब मॅनिफोल्डमध्ये ओघळतं. दहा-पंधरा मिनिटांत आत इतकी वाफ साठते की हवेला जागाच उरत नाही. प्लग ओले. चावी फिरवताना आपण पेडल दोन-तीनदा दाबतो, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो. पाऊण तासात ती वाफ उडून जाते आणि गाडी सुरू होते. दोन-तीन तास थांबलात तर याच्या उलट घडतं, वाटी कोरडी पडते आणि सेल्फ लांबवर मारावा लागतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. गाडी अडली की इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा आणि आत बॅटरीचा उजेड टाका. पेडलला हात न लावता पेट्रोल ठिबकताना दिसलं, बारीक फसफस ऐकू आली, तर उत्तर मिळालं. काहीच ठिबकत नसेल तर हाताने थ्रॉटल एकदा उघडा. दोन बारीक धारा पडायला हव्यात. त्या पडल्या नाहीत तर वाटी रिकामी आहे, म्हणजे पंपाकडे जा. या तपासणीला एक मिनिट लागतं. मी पंप बदलला त्याच्या आधी हे एक मिनिट दिलं असतं तर उरलेलं काही करावंच लागलं नसतं.

चोकची पट्टीही त्याच वेळी बघून घ्या. गरम इंजिनात ती सरळ उभी हवी. एक्झॉस्टकडून चोकला गरम हवा आणणारी बारीक नळी गंजून फुटली की पट्टी अर्धवट मिटलेली राहते आणि लक्षण हुबेहूब हेच दिसतं.

रस्त्यावरचा उपाय: पेडल एकदाच तळापर्यंत दाबा आणि तसंच धरून ठेवा, पंप करू नका. मग सेल्फ मारा. पूर्ण उघड्या थ्रॉटलमधून हवा आत जाते, साठलेली वाफ बाहेर ढकलली जाते, आणि पाच-सात सेकंदांत इंजिन धडपडत पेटतं. तेव्हाच पेडल सोडा. आणि गरम इंजिनावर कुणी बाटलीतून पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ओतायला सांगितलं तर ऐकू नका. इंजिनाने उलटा भडका मारला तर तो थेट बाटलीपर्यंत येतो.

कायमच्या उपायासाठी उष्णता कुठून येते ते शोधावं लागतं. उजव्या बाजूच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डखाली एक झडप आहे, हीट रायझर म्हणतात. थंडीत ती मिटते आणि गरम धूर कार्बोरेटरच्या खालच्या पोकळीतून फिरवते. इंजिन तापल्यावर ती उघडायला हवी. माझी गंजून मिटलेल्या अवस्थेत जाम झाली होती, म्हणजे जुलै महिन्यातही कार्बोरेटरखाली शेगडी पेटलेली. थंड इंजिनात तिचं वजन बोटाने हलतं का बघा. मी गंज सोडवणारं तेल सोडून, रात्रभर ठेवून, लाकडाच्या तुकड्याने हलके ठोके देत ती मोकळी केली. तीन दिवस लागले. जोर केला असता तर दांडा मोडला असता.

शिवाय त्या काळच्या बऱ्याच २८९ इंजिनांवर कार्बोरेटरखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून हीटरचं गरम पाणी फिरवलेलं असतं, थंडीत बर्फ धरू नये म्हणून. माझी गाडी थंडीत बाहेर पडत नाही, तेव्हा रस्त्यावर मीठ असतं. मी पाण्याची नळी ठोकळ्याला वळसा घालून नेली आणि वर अर्ध्या इंचाचा फिनॉलिकचा ठोकळा बसवला, बेकलाइटसारखा, उष्णता अडवणारा. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा काढून टाकू नका. इंजिनातला धूर परत खेचणारी पीसीव्हीची नळी त्याच्या मागच्या बाजूलाच लागते. दोन्ही ठेवायचे तर लांब स्टड लागतात, थ्रॉटलचा दांडा पुन्हा जुळवावा लागतो, आणि एअर क्लीनर बॉनेटला लागत नाही ना ते बघावं लागतं. त्यासाठी मुलाच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा एअर क्लीनरवर ठेवून बॉनेट हळूच लावलं. उघडल्यावर गोळा बोटभर जाडीचा राहिला होता, म्हणजे जागा आहे.

वाटीत पेट्रोल किती राहील ते ठरवणाऱ्या फ्लोटची पातळी मॅन्युअलमधल्या आकड्याच्या खालच्या टोकाला आणली. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब वळवली. रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. नळीवर एसएई ३०आर७ किंवा त्याहून वरचा शिक्का बघून घ्या. नळीला लाकडी चिमटे लावायची इथे जुनी पद्धत आहे. उकळणाऱ्या वाटीला त्याने काही होत नाही. इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्लाही सगळे देतात. वाटीतलं पेट्रोल उकळणं त्याने थांबत नाही, आणि अपघातात तो आपोआप बंद होईल अशी सोय केली नसेल तर तो पेट्रोल ओततच राहतो. या दोषासाठी मी तो बसवला नाही.

फरक मोजायचा असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा, पण कार्बोरेटरच्या चकचकीत धातूवर तो खोटे आकडे दाखवतो. वाटीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर नेम धरा. इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी आधी ७६ अंश यायचे, आता ५७ येतात.

एक गोष्ट ऋतूची. अमेरिकेत उन्हाळी पेट्रोल पंपांवर १ जून ते १५ सप्टेंबर विकावं लागतं. त्यात हलके घटक कमी असतात. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये अवचित गरम दिवस आला तर टाकीत हिवाळी पेट्रोल असतं, आणि ते लवकर उकळतं. गाडी जुलैत नीट आणि एप्रिलमध्ये अडते असं दिसलं तर नवा दोष शोधायला जाऊ नका.

माझी गाडी या एप्रिलमध्ये एकदाच अडली, रूट २७ वरच्या पंपावर. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्याने आपलं पेट्रोल आपण भरता येत नाही, भरणारा माणूस येतो, आणि मागे रांग असते. पेडल तळापर्यंत दाबून धरलं, सेल्फ मारला, सहाव्या सेकंदाला इंजिन पेटलं. फडकं अजून डिकीत आहे. पोकोनो डोंगराच्या चढावर चालता चालता तिने दम टाकला, तर ते एसी पंपावरच पडेल.